घोरणं थांबतं तेव्हा

पसरणी, ता. वाई
१८ जानेवारी

प्रिय साक्षी,

अनेक आशीर्वाद. 'प्रिय' हा शब्द लिहून मी बराच वेळ नुसता बसलो होतो. चोवीस वर्षं पलटणीत काढली, तिथून घरी शेकड्यानं पत्रं धाडली, पण सगळी वडलांच्या नावानं. 'तीर्थरूप' आणि 'साष्टांग नमस्कार' यापुढं गाडी गेली नाही. माझ्या बायकोला, म्हणजे तुझ्या आत्यांनाही मी कधी 'प्रिय' लिहिलं नाही, कारण पत्र आधी वडील फोडायचे. त्यामुळं हा शब्द जन्मात पहिल्यांदा लिहितोय तो सुनेला. चुकलं असेल तर सांभाळून घे. फोन करता आला असता, पण फोनवर तू गप्प बसणार आणि मी त्या गप्प बसण्याला घाबरून भलतंच काहीतरी बोलणार. कागदावर माणूस खोडू तरी शकतो.

दिवाळीत विश्वजीत शिवांजलीला घेऊन चार दिवस राहून गेला. तू येणार नाहीस हे ठाऊक होतं आणि का येणार नाहीस हेही. पोरगी आता अडीच वर्षांची झाली, चुरूचुरू बोलते. मला 'आप्पा आबा' म्हणते. बापाचं ऐकून आप्पा आणि आजीचं ऐकून आबा, दोन्ही एकदम. दुपारी ती माझ्या शेजारी झोपली होती, तेव्हा मी पाहिलं की ती तोंड उघडं टाकून झोपते. सर्दी नव्हती तरी. श्वासाला बारीक घरघर होती आणि झोपेत सारखी कूस बदलत होती. विश्वजीतला सांगितलं, तर तो म्हणाला, "लहान पोरं झोपतातच तशी." मी डॉक्टर नाही. पण एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवून घे. नाकाच्या मागं गाठी वाढल्या तर पोरं तोंडानं श्वास घेतात, झोप पुरी होत नाही, मग दिवसभर किरकिर करतात, असं मला आमच्या डॉक्टरनी सांगितलंय. नसेल काही तर उत्तमच.

मी हे लिहितोय यावर तुला हसू येईल. हसावंच. दोन वर्षांमागं हेच तू मला सांगत होतीस आणि मी तुझ्यावर ओरडत होतो.

तू बाळंतपण उरकून माहेराहून, माधवनगरहून परत आलीस तेव्हा पाऊस सरत आला होता. शिवांजली तीन महिन्यांची. रात्रीतून तीनदा तू तिला पाजायला उठायचीस, आणि मी बाहेर सोप्यात खाटेवर घोरत असायचो. माझं घोरणं सगळ्या आळीला माहीत होतं. पलटणीत तर मला बराकीच्या टोकाची खाट द्यायचे. मला त्याचा अभिमानच होता. कष्टाच्या माणसाला गाढ झोप लागते, असं मी सांगत फिरायचो. एक दिवस सकाळी चहाचा कप माझ्यापुढं ठेवून तू उभीच राहिलीस. "मामा, एक बोलू का? तुमी घोरता त्याचं काय न्हाई. घोरणं थांबतं तवा मला भीती वाटती. काल चाळीस सेकंद तुमचा श्वासच आला न्हाई. मग एकदम गुदमरल्यागत घेतलात."

मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्यांदा सांगितलंस तेव्हा मात्र म्हणालो, "सुनेनं सासऱ्याची झोप मोजायची आसती व्हय?" तुझा चेहरा पडला. तरी तू थांबली नाहीस, रात्रीचे सेकंद लिहून ठेवायला लागलीस. विश्वजीतला सांगितलंस, आत्यांना सांगितलंस. आत्या म्हणाल्या, "मला तर त्या आवाजाबिगर झोपच येत न्हाई." विश्वजीत म्हणाला, "आप्पांना कोण सांगणार?" आणि विषय तिथंच मिटला.

आता खरं लिहितो. तू सांगत होतीस त्यातलं पुष्कळ मला आतून माहीत होतं. रोज सकाळी डोकं जड, कुणी आत दगड भरल्यासारखं. तोंडाला कोरड, जीभ टाळूला चिकटलेली. रात्रीतून चारदा लघवीला उठणं. दिवसा वर्तमानपत्राचं एक पान पुरं होत नव्हतं, तेवढ्यात मान पडायची. शाळेची बस काढण्याआधी मी दोन कप चहा घ्यायचो आणि गालात वेलदोडा धरून बसायचो. संध्याकाळी झोप चांगली लागावी म्हणून कॅन्टीनच्या रमचे दोन पेग, तोही नेम चुकवला नाही. पण हे सगळं वयाचं आहे, असं मी स्वतःला सांगायचो. वाईहून वर पाचगणीला पोरं न्यायची, संध्याकाळी परत आणायची. नऊ वर्षं एक दिवस उशीर नाही. फौजेत एवढी वर्षं डोंगरातून ट्रक चालवलेल्या माणसाला पसरणीच्या घाटाचं काय, असा तोरा.

डिसेंबरात तू मला शेवटचं विनवलंस. "तपासणी होईस्तवर पोरांची गाडी नका चालवू मामा, मी हात जोडते." मी ताट सारून उठलो. शनिवारी तू शिवांजलीला खांद्यावर घेऊन, थंडीत शाल गुंडाळून, एसटीनं पाचगणीला गेलीस आणि शाळेच्या मुख्याध्यापक बाईंना भेटलीस. बाईंनी त्याच दिवशी मला बोलावून घेतलं. "तपासणीचा कागद आणा, तोवर गाडी बंद." मी कागद आणला नाही. राजीनामा लिहून दिला आणि खाली आलो.

त्या संध्याकाळी घरात जे झालं ते तुला नव्यानं सांगायला नको. पण मला लिहायला हवं. माझा भाऊ सयाजी आला होता, भावजय आली होती, दारात शेजारपाजार. सुनेनं सासऱ्याच्या पोटावर पाय दिला, असं जो तो म्हणत होता. तू भिंतीला टेकून उभी होतीस आणि एवढंच म्हणालीस, "त्यांना गाडीवर झोप येती. आज ना उद्या काहीतरी हुईल." तेव्हा मी पुढं झालो आणि तुझ्या कडेवरच्या शिवांजलीच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, "ह्या लेकराची आण हाय, गाडी चालवताना माझा डोळा कदी लागला न्हाई." तू माझ्याकडं पाहिलंस, पोरीकडं पाहिलंस आणि सावकाश तिला माझ्या हाताखालून बाजूला घेतलंस. त्यानंतर तू खोटी आणि मी खरा, हे सगळ्या भावकीत ठरूनच गेलं. तिसऱ्या दिवशी तू माधवनगरला आईकडं गेलीस. महिन्यानं विश्वजीतनंही तिकडंच, सांगलीजवळ कुपवाडला नोकरी धरली.

त्या आणेबद्दल पुढं लिहितोच. आधी मधल्या दिवसांचं सांगतो.

वर्षभर मी घरातच होतो. रागात होतो असं म्हणायचो, पण खरं तर बसल्या जागी पेंगत होतो. पुढच्या मार्गशीर्षात निरोप आला की चिंधवलीचा जोतीराम गेला. तो माझ्याच पलटणीतला, भरती एकाच दिवशीची. पोटानं माझ्यासारखाच सुटलेला आणि घोरण्यात माझ्या वरचढ. रात्री जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही. मी तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो. त्याची बायको अंबूबाई बायकांत बसली होती. मला बघून रडली आणि मग सांगायला लागली, "रोज मेलं घोरणं ऐकून मी वैतागायची. त्या रातीला मधीच आवाज बंद झाला. मला वाटलं, आज शांत झोपल्यात. मी पण कूस बदलून झोपले वो."

साक्षी, मला तिथं बसवेना. घोरणं थांबतं तेव्हा भीती वाटते, असं घरात मला एकच माणूस म्हणालं होतं. जोतीरामचं नेमकं काय झालं ते मला ठाऊक नाही, डॉक्टर हृदयाचा झटका म्हणाले. पण मी मोटारसायकल चालू न करता ढकलतच त्यांच्या गल्लीबाहेर आलो.

घरी आलो आणि आत्यांना विचारलं, साक्षी ते सेकंद मोजायची ते कशावर लिहायची? त्यांनी कपाटातून जुन्या दिनदर्शिकेचं पान काढून दिलं. तुझ्या माघारी त्यांनी ते जपून ठेवलं होतं. का ते त्यांनाही सांगता आलं नाही. पाठीमागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं तारीख, वेळ आणि आकडे. बावीस. एकतीस. चाळीस. अठरा. पुन्हा चाळीस. मधे एका ठिकाणी 'कूस बदलली, बरं वाटलं' असं लिहिलेलं. पोर पदराखाली घेऊन, एका हातानं, अंधारात मोबाइलच्या उजेडात लिहिलेलं ते अक्षर. सासऱ्याच्या श्वासावर असा पहारा कुणी सून करते का गं?

ते पान घेऊन मी साताऱ्याला डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे कुणी लिहिलंय? अर्धी तपासणी घरीच झालीय तुमची." मी म्हणालो, सुनेनं. ते म्हणाले, "नशीबवान आहात."

उरलेली अर्धी तपासणी दवाखान्यात एक रात्र झोपून झाली. छातीला पट्टे, बोटाला चिमटा, नाकाशी नळी, डोक्याला वायरी. सकाळी अहवाल आला. तासाला एकेचाळीस वेळा माझा श्वास अडत होता. सगळ्यात मोठा खंड चोपन्न सेकंदांचा. रक्तातला ऑक्सिजन एकाहत्तर टक्क्यांपर्यंत उतरत होता. रक्तदाब इतका की मी चालत आलो याचंच डॉक्टरांना नवल. त्यांनी मला समजेल असं सांगितलं. झोपेत घशाचं मांस सैल पडतं, वाट बुजते. मेंदू घाबरून माणसाला जागं करतो, तेही त्याला न कळता. श्वास मिळाला की पुन्हा झोप, पुन्हा वाट बंद. "सुभेदार, तुम्ही आठ तास अंथरुणात असता, पण तुमची झोप अशी होतच नाही." मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण त्यांची चूक दुरुस्त करायचंही मला सुचलं नाही.

मग त्यांनी नाकात बत्ती घालून पाहिलं आणि विचारलं, नाक कधी मोडलं होतं? मला आठवलं, पलटणीतल्या बॉक्सिंगच्या सामन्यात, चोविसाव्या वर्षी. सूज उतरली म्हणजे बरं झालं असं मी धरून चाललो होतो. आतलं हाड वाकडं झालेलं. तेव्हापासून मी तोंडानंच श्वास घेत होतो, दिवसा आणि रात्रीही. बत्तीस वर्षं! सवय इतकी अंगवळणी पडली की नाक फक्त वास घ्यायला असतं असंच मला वाटत असावं. डॉक्टर म्हणाले, नाकातून हवा गाळून, गरम होऊन, ओली होऊन आत जाते. तोंडानं कोरडी आणि थंड हवा घशावर आपटते, त्यात जबडा खाली पडतो, जीभ मागं सरते आणि अडचणीत भर पडते. रम तर घसा आणखी सैल करते. म्हणजे झोप लागावी म्हणून जे घेत होतो तेच गळा दाबत होतं.

नाकाचं ऑपरेशन माजी सैनिकांच्या योजनेतून झालं. रम सोडली. झोपताना लावायचं मशीन आलं. नाकावर मुखवटा, त्यातून हवेचा दाब घशाची वाट उघडी ठेवतो. पहिल्या रात्री मी तो ओढून फेकला. आत्यांना हसू आवरेना. "आवं, सोंड लावल्यागत दिसताय, गणपती बाप्पा." आठवडाभर असंच चाललं. नवव्या की दहाव्या रात्री मुखवटा तसाच राहिला आणि सकाळी उठलो तर तोंडाला कोरड नाही, डोकं हलकं. मी बराच वेळ खाटेवर बसून राहिलो. काहीतरी हरवल्यासारखं वाटत होतं, आणि मग कळलं की डोकेदुखी हरवलीय. त्या आठवड्यात मला स्वप्न पडलं. कितीतरी वर्षांत पडलं नव्हतं. लेहला आमच्या पोस्टवर एक खेचर होतं, ते माझ्या टोपीतले बेदाणे खात होतं. एवढंच स्वप्न, पण मी ते गावभर सांगत सुटलो.

दिवसाची सवय मोडणं मात्र रात्रीपेक्षा अवघड गेलं. नाकानं श्वास घ्यायचा हे विसरायला होतं. दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक युक्ती सांगितली, पाण्याचा एक घोट तोंडात धरून चालायचं. गिळायचा नाही, थुंकायचा नाही. तोंड आपोआप बंद राहतं. मी सकाळी घोट धरून रानाकडं निघायचो. वाटेत कुणी राम राम केला की नुसती मान हलवायचो. आठ दिवसांत गावात बातमी, उदयसिंहानं मौन धरलंय, काहीतरी नवस असणार. सयाजी घरी विचारायला आला. आता घोटाची गरज लागत नाही. नाकानं श्वास घेत घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत चढ चढतो. अकरा किलो वजन उतरलंय, रक्तदाबाची एक गोळी कमी झाली. कुशीवर झोपतो. परवाच्या तपासणीत तासाला एकेचाळीसाचे तीन झाले.

आणखी एक झालं. माझा राग गेला. आत्या म्हणतात, "तीस वरसं मी ज्याच्यासंगट नांदले तो ह्यो माणूसच न्हवं." आता मी विचार करतो, माझ्या रागात माझा वाटा किती होता आणि न झालेल्या झोपेचा किती. विश्वजीतला लहानपणी उगाच मारलं, तुझ्यावर ताटं आपटली, यातलं काही त्या आजाराच्या नावावर टाकता येईल.

आण मात्र मी पूर्ण जागेपणी घेतली होती. ती खोटी होती.

तू पाचगणीला गेलीस त्याच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, घाटात धुकं होतं. बसमध्ये बावीस पोरं. चौथ्या वळणाच्या आधी माझा डोळा लागला. दोन सेकंद असेल, तीन असेल. "काका!" म्हणून पुढच्या बाकावरची पोरगी किंचाळली आणि जागा झालो तेव्हा डावं चाक डांबर सोडून खडीवर गेलं होतं आणि बसची बाजू कठड्याला घासत होती. मी गाडी सावरली. पोरांना सांगितलं, माकड आडवं आलं. बसमधल्या मदतनीस बाईंनाही तेच. संध्याकाळी रंगाचा डबा आणून घासलेली जागा मीच रंगवली. कठड्यापलीकडं काय आहे ते तुला सांगायला नको. तू कितीदा एसटीच्या खिडकीतून खाली वाई बघितलीस.

तुला यातलं काहीच माहीत नव्हतं. तुझ्यापाशी फक्त ते पेन्सिलीचे आकडे होते. त्याच्या जोरावर तू एकटी, पोर घेऊन, सगळ्या घराच्या विरोधात उभी राहिलीस. आणि माझ्यापाशी पुरावा असून मी तुला खोटं पाडलं, तेही तुझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून. मला राग आला होता तो तू चुकलीस म्हणून नव्हे गं, तू बरोबर होतीस म्हणून. बावीस पोरं आज शाळेत जातात, मी इथं बसून लिहितोय, आणि आमचा कुणाचा घात झाला नाही, ते तुझ्यामुळं. त्या बावीस घरांना हे कधी कळणार नाही. मला कळलंय. तुझे उपकार मानायला माझ्याकडं शब्द अपुरे आहेत, म्हणून साधंच लिहितो: पोरी, तू मला वाचवलंस, आणि मी तुला घराबाहेर काढलं.

हे मी आधी आत्यांना सांगितलं. दोन दिवस त्यांनी माझ्यापुढं ताट ठेवलं, पण बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आधी भावकीला सांगा. तिला एकटीला पत्र लिवून भागायचं न्हाई." म्हणून गेल्या रविवारी सयाजीला, भावजयीला आणि त्या संध्याकाळी दारात उभे होते त्या सगळ्यांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर सांगितलं. भावजय डोळ्याला पदर लावून उठून गेली. विश्वजीतला फोन केला, पण त्याला म्हणालो, साक्षीला मीच सांगतो, तू मधे पडू नकोस.

पाचगणीला जाऊन मुख्याध्यापक बाईंनाही सांगितलं, माकडाचं खरं काय ते. वाटलं, पोलिसांत देतील, आणि दिलं असतं तर मी गेलो असतो. पण त्यांनी माझे तपासणीचे कागद ठेवून घेतले आणि या बुधवारी फोन केला. म्हणाल्या, पोरांची बस नाही, पण वसतिगृहाचा भाजीपाला वाईहून वर आणणारी गाडी आहे. दर तीन महिन्यांनी डॉक्टरचा दाखला द्यायचा, आणि शाळेच्या इतर चालकांची तपासणी आता होणार आहे, त्यांच्याशी तुम्ही बोलायचं. सोमवारपासून या. मी म्हणालो, "घरी विचारून सांगतो." त्या म्हणाल्या, "बायकोला?" मी म्हणालो, "न्हाई, सुनेला." गाडी माझ्याकडून तू काढून घेतलीस, ते योग्यच केलंस. म्हणून ती पुन्हा हातात घ्यायची की नाही हे दुसरं कुणी ठरवायचं नाही. मी बाईंकडून महिन्याची मुदत मागून घेतलीय. या पत्राबरोबर माझ्या अहवालाच्या प्रती जोडल्या आहेत. तिकडच्या तुझ्या विश्वासाच्या डॉक्टरला दाखव, हवं तर मला सांगलीला बोलावून पुन्हा तपासून घे. तू 'नको' लिहिलंस तर मी का म्हणून विचारणार नाही. 'हो' लिहिलंस तरच घाट चढेन.

तुझाच,
मामा
(उदयसिंह)